कंपनीच्या बसमधली कोरियाची राणी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये कोरियाची राणी आगरी बोलायची. तिचा राजाही आगरीच बोलायचा. दाढी वाढवलेला, उंच काळी टोपी घालणारा जो लबाड प्रधान होता, त्याला सगळी बस तलाठी म्हणायची. खोटं वाटत असेल तर बदलापूर ते आनंदनगर एमआयडीसी या आमच्या बसमध्ये कधी बसलेल्या कुणालाही विचारा. पॅकिंगच्या शेवंताताई तर अजून तलाठ्याचं नाव काढलं की बोटं मोडतात.

हा सगळा उद्योग आमच्या स्टोअरच्या काकांचा. बुटके, रुंद, कानावर पेन्सिल, आणि पायात कायम कंपनीचे सेफ्टी शूज. लग्नाला शूज, बारशाला शूज. एकदा कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "मांडवात पन डोक्यावर नाय तरी पायावर काय ना काय परतच की." काकांच्या आगरीत ड-ढचा बऱ्याचदा र होतो, परतं म्हणजे पडतं, हे आताच सांगून ठेवते.

काकांची मुख्य खोड अशी, की त्यांच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. स्टोअरचा माणूस म्हणजे खरं तर दिवसभर 'नाही, संपलंय, पुढच्या आठवड्यात या' असं म्हणणारा. काका उलटे. मी लॅबमध्ये नवी लागले तेव्हा एका काचेच्या नळीला रबरी बूच हवं होतं. स्टोअरमध्ये गेले. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेले, बराच वेळ खुडबुड केली आणि बाहेर येऊन माझ्या हातात एक रबर ठेवलं. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली बसवतात ते. मी म्हटलं, "काका, हे काठीचं आहे."

"बसतंय का बग."

बसलं. अगदी फिट बसलं.

"बसला ना? मग त्ये बूचच हाय," म्हणाले आणि रजिस्टरमध्ये लिहूनही टाकलं. ते बूच आजही लॅबमध्ये आहे आणि नव्या पोरींना मी ते काठीचं असल्याचं सांगत नाही.

स्टोअरपुरतं असतं तर ठीक होतं. पण त्यांना काहीही विचारा, उत्तर मिळणारच. मुलाला कुठल्या लाइनला घालू, गुडघ्याला काय चोळू, त्या अमुक देशात लढाई का चाललीय. 'मला ठाऊक नाही' म्हणायला त्यांची जीभच वळायची नाही. उत्तर बरोबर असेल का, हा प्रश्न वेगळा. काठीचं रबर असायचं, पण बसायचं.

आता टॅबचं सांगते. हा टॅब काकांनी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून सेकंडहँड आणला. जेवायच्या ताटाएवढा. दुकानदाराने म्हणे सांगितलं, "साईं, बेफिकर ले जाओ, पिक्चर-शिक्चर सब अंदर डाल के दिया है." काकांनी पॅकिंगमधून फोम मिळवला, वर खाकी चिकटपट्टी गुंडाळली आणि कव्हर केलं. मग पाण्याच्या पाइपाचे दोन क्लॅम्प घेऊन एक स्टँड बनवला, जो बसमधल्या आडव्या दांडीला अडकवता यायचा. सगळे म्हणाले, काका, हे सगळं मोबाइलात पण होतं. काका म्हणाले, "मोबाइलात बगायचा म्हंजे दाराच्या फटीतना बगायचा. मना दार उगरून बगायची सवय हाय."

त्यात त्यांनी सिमकार्डही घातलं. फोन आला की काका ते अख्खं ताट कानाला लावायचे. अर्धं तोंड झाकलं जायचं आणि शेजारच्याच्या कानाला कोपरा लागायचा. स्पीकरवर ठेवा म्हटलं तर म्हणायचे, घरच्या गोष्टी हायत, स्पीकरवर कशा ठेवायच्या. आणि मग इतक्या मोठ्याने बोलायचे की ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळायचं की आज काकूंनी कोथिंबीर आणायला सांगितलीय.

ड्रायव्हरपासून म्हटलं खरं, पण तिथंच खरी गंमत होती. आमचे ड्रायव्हर बाळारामदादा हे काकांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे नवरे. आणि दोघांचं बोलणं बंद.

रोज एकच बस. सकाळी बाळारामदादा वांगणीजवळच्या त्यांच्या गावातून गाडी काढायचे, कारण रात्री ती त्यांच्याच अंगणात उभी असायची. बदलापुरात पहिला स्टॉप माझा, पुढचा काकांचा. मग अंबरनाथ पश्चिमेला फिरत फिरत माणसं गोळा करायची आणि उड्डाणपूल ओलांडून आनंदनगरला जायचं. काका चढताना बाळारामदादा समोरच्या काचेतून आभाळ बघायचे. काका बाळारामदादांच्या डोक्यावरच्या देवाच्या फोटोला हात जोडायचे, पण त्यांच्याकडे बघायचे नाहीत. कित्येक वर्षं असंच.

बरं, काकांना दुसऱ्याच्या कामात बोलल्याशिवाय राहवायचं नाही. कुठून वळवावं, कुठं खोदून ठेवलंय, हे सांगायचं तर असायचंच. मग त्यांनी टॅबवर नकाशा लावायला सुरुवात केली. रोजचा तोच रस्ता, आणि नकाशातली बाई मराठीत खणखणीत सांगतेय, "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा." आवाज फुल. आणि बाळारामदादा स्टिअरिंगवरून मान न हलवता त्या बाईला उत्तर द्यायचे, "बाय, तिकरं पाइपलाइन खोदलीय. तुना कोनी सांगितला नाय वाटतं."

की काका टॅबकडे बघून म्हणायचे, "बाय, त्याला सांग, काल बुजवला त्यो खड्डा. मी सोता बगितला."

"बाय, त्याला सांग, बुजवला त्यो दुसरा."

असं दोन मेहुण्यांचं संभाषण त्या नकाशातल्या बाईमार्फत चालायचं. तिला बिचारीला मध्ये मध्ये आपलंही काम करावं लागायचं. नवीन माणसाला वाटायचं, दोघांना उन्हाचा त्रास झालाय. आम्हाला सवय झाली होती.

भांडण कशावरून, तेही सांगते, कारण बसमध्ये ते सगळ्यांना माहीत होतं. काकांची आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं. बदलापूरच्या गावठाणात काकांनी जुनं पाडून नवं घर बांधलं, वास्तुशांत ठरली. टॅब तेव्हा नुकताच आणलेला. काकांना त्यात पत्रिका बनवायचा नाद लागला. फुलं, कलश, गणपती, मध्ये काका-काकूंचा फोटो, सगळं हलणारं, वर सनईचा आवाज. एवढी भारी पत्रिका झाली, की काकांनी ती एका दमात सगळ्यांना पाठवून दिली. व्याही, दूधवाला, कंपनी, सगळे. त्यात बहीणही. तिच्याकडे साधा फोन, म्हणून बाळारामदादांच्या मोबाइलवर.

आता आमच्याकडे बहिणीला वास्तुशांतीचं आवतण असं नाही जात. भावाने स्वतः जायचं, उंबऱ्यात उभं राहायचं, अक्षता द्यायच्या, ताई तू आल्याशिवाय मी पूजेला बसत नाही म्हणायचं. मग ती आधी थोडे आढेवेढे घेणार, जुनं काहीतरी उकरून काढणार, आणि दोन दिवस आधीच येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेणार. ही रीत. काका टॅबच्या नादात रीतच विसरले. ताई आल्या नाहीत. दूधवाला जेवून गेला आणि सख्खी बहीण आली नाही, याचा काकांना राग. दूधवाल्याच्या पंगतीत मला बसवलं, याचा ताईंना राग. त्यानंतर दर भाऊबीजेला काका नवा शर्ट घालून घरातच बसायचे, असं काकूंनी मला एकदा सांगितलं होतं.

तर अशा या टॅबमध्ये कॅम्पातल्या दुकानदाराने काय काय भरलं होतं, त्यात एक कोरियन मालिका निघाली. राजवाडा, तलवारी, बर्फ, रेशमी कपडे. बोलणं कोरियन, आणि खाली येणारी अक्षरंही तसलीच चौकोनी. कुणाच्या बापाला कळायची नाहीत. काका एकटेच बघत बसले होते. पुढच्या बाकावरच्या शेवंताताई मान वळवून म्हणाल्या, "काका, ती बाई एवढी का रडतेय?"

झालं. 'ठाऊक नाही' काकांच्याकडे नव्हतंच.

"सासू जाच करतंय तिला," काका म्हणाले.

आणि आमचा विश्वास बसला, हे महत्त्वाचं. कारण पूर्वी कधीतरी कंपनीत गोळ्या पॅक करायची कोरियन मशीन आली होती, तेव्हा ती बसवायला आलेल्या इंजिनिअरांची सरबराई काकांकडे होती. त्यांना सुकट खायला घातल्याची गोष्ट काका रंगवून सांगायचे. तेव्हा काकांना कोरियन येतं, हे कंपनीत सगळ्यांनी गृहीत धरलेलं. काकांनी कधी येतं म्हटलं नाही. पण नाही तर ते म्हणूच शकत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून टॅब दांडीला लटकला, तोंड मागच्या बाकांकडे. काका बाजूला उभे, एका हाताने खांब धरलेला. आवाज त्यांनी पूर्ण बंद केला. म्हणाले, त्यांचं बोलणं मधे मधे येतं. आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः करायला लागले. राणीचा आवाज बारीक, राजाचा जाड, तलाठ्याचा नाकातून. "महाराज, सातबारा आपल्या नावाव झालाच समजा," असं टोपीवाला प्रधान वाकून म्हणायचा आणि बसमध्ये शिव्या सुरू व्हायच्या. राणी दासीला म्हणायची, "मेली, चूल पेटवलीस का नुसता धूर केलास?" ओठ आणि शब्द जुळतायत का, हे बघायला कुणाला वेळ होता?

नियमही होते. अंबरनाथ पश्चिमेचा शेवटचा माणूस चढल्याशिवाय सुरू करायचं नाही, नाहीतर तिकडचे लोक कुरकुर करायचे. स्पीडब्रेकर आला की थांबायचं. आणि पुढचं कुणी आधी बघायचं नाही. हा नियम काकांनी स्वतःलाही लावला होता. घरी टॅब उघडायचेच नाहीत. मी विचारलं, का हो? म्हणाले, "जेवन ताटात येयाच्या आदी टोपात तोंड घालायचा नसतं." पुलावर ट्रॅफिक लागला की आमच्या बसमध्ये आनंद व्हायचा. बाजूच्या बसमधले लोक हॉर्न वाजवतायत आणि आम्ही टाळ्या. कोरियाच्या इतिहासाचं मला काही माहीत नाही, पण आमच्या मालिकेत राजवाड्याची निम्मी जमीन धरणात गेली होती आणि उरलेल्या निम्मीवर तलाठ्याचा डोळा होता.

त्या मालिकेत एक सरदार होता, उंच, देखणा, आणि एक राजवाड्यातली स्वयंपाकीण. दोघं एकमेकांकडे लांबून नुसती बघायची. पावसात बघायची, बर्फात बघायची, मध्ये पूल, खांब, माणसं. बोलायची नाहीत. शेवंताताईंनी विचारलं, हे दोघं कोण?

काकांनी खांबावरचा हात बदलला. मग म्हणाले, "भाव-भैन हायत. बोलनं बंद हाय त्यांचं."

मग हळूहळू कळत गेलं. सरदाराने नवा वाडा बांधला. सगळ्या मुलखाला आवतणं गेली. बहिणीला मात्र त्याने शिपाई पाठवला, स्वतः गेला नाही. ती आली नाही. एवढं ऐकून न कळायला आम्ही काय दूधखुळे होतो? सगळ्या बसला कळलं. पण कुणी बोललं नाही. बाळारामदादा समोर बघून गाडी चालवत होते. टॅबकडे त्यांची पाठ, त्यांना यातलं एक चित्र दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. सरदार-स्वयंपाकिणीचं आलं की बस हळू चालायची. मी आपलं ते खड्ड्यांवर ढकलत होते.

बायकांचं मत, सरदाराने जावं. पुरुषांचं मत, तिने एवढं ताणायला नको होतं. काका सरदाराच्या बाजूने भांडायचे. "त्याची चूक झाली, कबूल. पन तिना एक डाव तरी इचारायचा, का रे बाबा, कंला नाय आलास?"

शेवंताताई तापट. त्या एकदा उठून उभ्याच राहिल्या. "अहो, घोडा आहे ना त्याच्याकडे? मग बसायचं आणि जायचं. वांगणी काय परदेशात आहे?"

शेवंताताईंनी जीभ चावली. काकांनी बाटली काढून पाणी प्यायलं, आणि तलाठ्याचा प्रसंग सुरू केला, जो पडद्यावर नव्हताच.

काकांची रिटायरमेंट जवळ आली होती. त्या महिन्याअखेर शेवटचा दिवस. नंतर ते या बसला कशाला येणार? मग नकाशातली बाईही नाही, आणि त्या दोघांत आहे तेवढंही बोलणं उरणार नाही. मालिकाही संपत आली होती. शेवंताताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "संपायच्या आत या सरदाराला अक्कल येऊ दे गं."

आणि एके दिवशी संध्याकाळी आली. म्हणजे तसं वाटलं. परतीचा प्रवास, पुलावर गाड्या खोळंबलेल्या. पडद्यावर बर्फ पडतंय. सरदार लढाईहून परत आलाय, अंगावर जखमा. स्वयंपाकीण दारात उभी. तो तिच्याकडे चालत येतोय, आणि या वेळी मध्ये पूल नाही, खांब नाही, कुणी नाही. काकांचा आवाज उतरला. सरदाराचा तो जाड आवाज त्यांनी लावलाच नाही, स्वतःच्या आवाजात बोलले.

"ताई, मी चुकलो. मीच यायला पायजे व्हता. शिपाई धारला त्यो माजा शानपना नरला. तुज्याबिगर वाडा भकास लागतंय."

शेवंताताईंनी पदर तोंडाला लावला. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. बस तर जवळपास उभीच होती.

आणि सरदाराने स्वयंपाकिणीला जवळ ओढलं आणि तिचा मुका घेतला. चांगला लांबलचक. कॅमेरा दोघांभोवती फिरतोय.

काकांनी टॅबवर पंजा ठेवला. टॅब ताटाएवढा, पंजा केवढा पुरणार? बोटांच्या फटींतून सगळं दिसतच होतं. दुसरा पंजा ठेवला तर खांब सुटला आणि काका शेवंताताईंच्या मांडीवर जाऊन पडले. मागच्या बाकावरून आमच्या लॅबची ॲप्रेंटिस रिया, कॅम्पात वाढलेली, ती हसत हसत म्हणाली, "काका, ये दोनों लव्हर्स आहेत, शुरू से. मैंने कबका पूरा देख लिया है."

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मॅम, काकांचं व्हर्जन ज्यादा मस्त था ना."

बस फुटली. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. मीही हसले. कुणीही हसलं असतं. पुढून बाळारामदादांनी विचारलं, "काय झाला?" त्यांना कुणाला धड सांगताच येईना. शेवटी कुणीतरी कसंबसं म्हणालं, "भावाने बहिणीचा मुका घेतला हो दादा." पूल सुटल्यावर बाळारामदादांनी गाडी अशी हाणली, की आम्ही सगळे बाकांना धरून बसलो.

चेष्टा दोन-तीन दिवस चालली. कँटीनमध्ये, गेटवर, काका दिसले की कुणीतरी म्हणायचं, "काय काका, भाऊ-बहीण कशी आहेत?" काकांनी आधी हसून नेलं. मग टॅब पिशवीत गेला. मग काका शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागले. त्यांच्या जागी खांबाजवळ कुणी उभं राहिलं नाही. ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचे त्याचे इअरफोन. नकाशातली बाईसुद्धा गप्प. बाळारामदादा एकदा खोदलेल्या रस्त्याला लागले, गाडी अर्धा तास अडकली, तरी मागून कुणी सांगितलं नाही. मला त्या बसमध्ये बसवेना. एवढं बोलणारं माणूस असं गप्प बसलेलं बघवत नाही हो. ते मनापासून एकदाच बोलले आणि त्यालाच आम्ही खिदळलो होतो.

महिना संपत आला. एका संध्याकाळी अंबरनाथची माणसं उतरली. बसमध्ये बदलापूरची आम्ही मोजकी मंडळी उरलो. बाळारामदादांनी रसाच्या गाडीजवळ बस बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. आम्हाला वाटलं, पंक्चर. ते उठले नाहीत. समोरच्या काचेकडे बघत मोठ्याने म्हणाले, "बाय, मागं त्याला सांग, पुरचा सांग म्हनावा."

नकाशा बंदच होता. कोण सांगणार? काका मागे बसून बघत राहिले.

मग बाळारामदादा उठले. वळले. मी त्या बसमध्ये इतकी वर्षं होते, पण काकांकडे तोंड करून उभे राहिलेले बाळारामदादा मी पहिल्यांदाच पाहिले. उंच माणूस, छताला डोकं लागत होतं.

"घरात रोज इचारतंय, पुरं काय झाला," ते म्हणाले. "मी काय सांगू तिला?"

"कोन इचारतंय?" काका बाकावरून अर्धे उठले.

"तुजी भैन. आनखी कोन? रोज घरी जाऊन मी सांगतंय तिला. तलाठी, राजा, समदा सांगतंय. जेवन राहू दे, पैली गोष्ट सांग बोलतंय."

"मी सांगतंय असा बोल्लास तिला?"

"नाय बोल्लो. तिना पैल्याच दिशी वलखला. सासू जाच करतंय बोल्लो तं हसली. बोल्ली, ह्यो माजाच भाव, ह्याला कायपन इचारा, सांगनारच."

शेवंताताईंनी माझा हात धरला होता, तो दुखायला लागला.

काका खाली बघून म्हणाले, "पुरचा काय नाय त्यात. त्ये भाव-भैन नाय व्हते. तुमी आयकला ना, समदी हसली ती."

"मना काय म्हाईत त्ये कोन व्हते," बाळारामदादा म्हणाले. "मी तं कवा बगितलाच नाय. माजी तिकरं पाठ. मी आयकला त्येवरा, सरदार बोल्ला, ताई, मीच यायला पायजे व्हता. त्येच मी तिला सांगितला." त्यांनी खांबाला हात टेकला. "तवापासना रोज सांजची दारात बसतंय. गारीचा आवाज आला का उठून उबी रातंय. मी एकलाच उतरलो का आत जातंय."

एवढं बोलून ते जाऊन आपल्या जागेवर बसले आणि इंजिन सुरू केलं.

बदलापूर आलं. काकांचा स्टॉप आला. बस थांबली. काका उठले नाहीत. शेवंताताई त्याच स्टॉपला उतरायच्या, त्या पायरीवरून वळून म्हणाल्या, "काका, आलं." काका म्हणाले, "हां, तुमी व्हा पुरं," आणि पिशवी पोटाशी धरून बसून राहिले. मग उठले, चालत पुढे आले आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसले. माझा स्टॉप शेवटचा. मी उतरले तेव्हा बसमध्ये ते दोघंच होते. बोलत नव्हते. बस वांगणीच्या दिशेने गेली आणि दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यातच उभी होते. भाजीवाली म्हणाली, ताई, रिक्षा येतेय मागून, बाजूला व्हा.

रात्री मला झोप नीट लागली नाही. ताईंनी दार लावून घेतलं असेल तर? की हे उंबऱ्यात उभे राहून पुन्हा काहीतरी भलतंच बोलले असतील?

सकाळी नेहमीपेक्षा लवकर जाऊन स्टॉपवर उभी राहिले. बस आली. पहिला स्टॉप माझा, तोपर्यंत ती रिकामीच येते. चढले तर काका आधीच आत बसलेले. पहिल्या बाकावर, अंगात कालचाच शर्ट, चुरगळलेला, आणि मांडीवर फडक्यात बांधलेला मोठा डबा. डोळे सुजलेले होते, पण माणूस ताठ बसला होता. मी काही विचारणार तोच त्यांनी हाताने थांबवलं. सगळे येऊ देत.

शेवंताताई आल्या, काकांना बघून पायरीवरच थबकल्या, मग पटकन त्यांच्या मागे बसल्या. अंबरनाथ पश्चिमेची सगळी माणसं आली. रिया आली. शेवटचा माणूस चढला आणि दार लागलं. सगळ्यांच्या वतीने शेवंताताईंनीच विचारलं, "काका, पुढे काय झालं?"

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी उत्तर दुसऱ्यावर ढकललं.

"मना कंला इचारता?" ते म्हणाले. "भावोजींना इचारा."

बाळारामदादांनी आरशातून एकदा मागे बघितलं. गियर टाकला, घसा खाकरला.

"दारातच उबी व्हती," ते म्हणाले. "ह्यो गारीतना उतारला. ती बोल्ली, आलास कंला, मेसेज धारायचा व्हतास. आनि आत जाऊन तीन ताटं वारली."